टेबलटॉप आरपीजी चालवायला कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत? तिघं कोल्हापुरात टेबलावर, दोघं ऑनलाइन

खासबाग (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीनंतर डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन खेळायची आरपीजी) फिफ्थ एडिशनचं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट) सुरू करायचं आहे. एक डीएम (खेळ चालवणारा), पाच खेळाडू. तिघं राजारामपुरीत एका टेबलाभोवती बसणार, एक पुण्याहून आणि एक इचलकरंजीहून ऑनलाइन.

हाताशी आहे ते सामान: डीएमचा विंडोज लॅपटॉप (८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही), ४३ इंची फुल एचडी टीव्ही, घरचं फायबर कनेक्शन. पुण्याकडे लॅपटॉप आहे, इचलकरंजीकडे फक्त मोबाइल आणि रोजचा २ जीबी डेटा.

लढाई चौकटींच्या नकाशावर हवी, अंधार-उजेड हवा, हँडआउट (खेळाडूंना द्यायचे कागद) आणि नावं मराठीत हवीत. दर महिन्याला कार्डातून पैसे कापणारं काही नको, एकदाच भरायला हरकत नाही. रोल२०, फाउंड्री व्हीटीटी आणि आउलबेअर रोडिओ या तीन व्हीटीटींत (पडद्यावर नकाशा मांडून खेळायची सॉफ्टवेअर) अडकलोय. नोट्स, नकाशे, आवाज यांचंही सांगा. ‘अमुक भारी’ एवढंच लिहून सोडू नका, कुठं अडतं ते लिहा.

शाहूपुरी_५वी_गल्ली

आउलबेअरनं सुरू करा. ब्राउझरमध्ये खोली उघडायची, लिंक पाठवायची, खेळाडूला खातंसुद्धा काढावं लागत नाही. नकाशा टाकला, चौकट जुळवली, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) ठेवली, न पाहिलेला भाग फॉगनं झाकला की दहा मिनिटांत टेबल तयार. मोबाइलवर बोटानं नकाशा सरकवता येतो, टोकन हलवता येतं, हे तुमच्या इचलकरंजीच्या खेळाडूसाठी महत्त्वाचं.

त्याला नियम मात्र अजिबात कळत नाहीत. हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) किती, स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) किती उरले, पॉयझन्ड (विष चढलेलं) असताना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा घेणं) लागतो का, हे सगळं तुमच्या डोक्यात आणि कागदावर. शीट (पात्राच्या माहितीचं पान) छापील ठेवा, इनिशिएटिव्हसाठी (लढाईत कुणाची पाळी कधी) ‘इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह’ दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. तेही ब्राउझरमध्ये चालतं, मोफत आहे आणि खेळाडूंना दाखवायला वेगळी लिंक देतं. त्या लिंकवर राक्षसाचे नेमके हिट पॉइंट दिसत नाहीत, जखमी आहे की नाही एवढंच दिसतं.

मिरजकर_तिकटी

गल्लीवाल्या दादांचं पहिल्या चार सेशनपुरतं बरोबर आहे. पण खासबागनी कॅम्पेन म्हटलंय. पाचव्या लेव्हलला पाच पात्रं, आठ राक्षस आणि तीन चालू कॉन्सन्ट्रेशन स्पेल (लक्ष लावून चालू ठेवायचे मंत्र) असली की कागदावर डीएम दमतो आणि एक फेरी अर्ध्या तासावर जाते. तिथं हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून माझं मत फाउंड्री. आता सविस्तर.

पैशाचं आधी. फाउंड्रीचं लायसन्स ५० डॉलरला एकदाच घ्यायचं, तेही फक्त डीएमनं. खेळाडूंना काही विकत घ्यावं लागत नाही. एका लायसन्सवर एका वेळी एकच सर्व्हर खेळाडूंसाठी उघडा ठेवता येतो. रोल२० सुरू करायला फुकट आहे, पण मोफत खात्यात फायलींना १०० एमबी जागा मिळते आणि बाकीच्या सोयी महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर आहेत. परदेशी वर्गणीचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले, त्यामुळे बऱ्याच परदेशी साइटचं दुसऱ्या महिन्याचं पेमेंट फेल होतं आणि ऐन सेशनच्या दिवशी खातं मोफत पातळीवर येऊन बसतं. एकदाच भरायच्या पैशांना ही अडचण येत नाही. भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. मार्च २०२० पासून नवीन कार्डावर तो मुळात बंदच असतो. पैसे गेले की परत बंद करून टाका.

आता खरी अडचण. फाउंड्री तुमच्याच लॅपटॉपवर सर्व्हर म्हणून चालतं, पोर्ट (आत यायच्या दाराचा क्रमांक) ३००००. टेबलावरचे तिघं त्याच वायफायवर असतील तर १९२.१६८.१.२०:३०००० असा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की झालं (शेवटचा आकडा तुमच्या लॅपटॉपचा जो असेल तो). इथं दोन ठिकाणी गाडी अडते. विंडोजनं वायफायला ‘पब्लिक’ ठरवलं असेल तर फायरवॉल बाकीच्यांना आत घेत नाही, ते ‘प्रायव्हेट’ करा. आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय असेल तर त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, सगळ्यांना मुख्य वायफायवर घ्या.

पुणे-इचलकरंजीसाठी जुन्या ट्यूटोरियलमध्ये राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला लॅपटॉपकडं वळवणं) सांगतात. ते तुमच्याकडं चालेल का हे पैसे भरण्याआधी तपासा. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) बघा, मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधून तो आकडा बघा. दोन्ही एकच असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालतं. वेगळे असतील, त्यातही राउटरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागं आहात: कंपनीनं एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. घरगुती कनेक्शनवर हे सर्रास असतं.

त्यावर तीन वाटा आहेत.

पहिली, क्लाउडफ्लेअरचा क्विक टनेल. ‘क्लाउडफ्लेअर्ड’ हा छोटा प्रोग्राम उतरवायचा, त्याला लोकलहोस्टचं (म्हणजे त्याच लॅपटॉपचं) ३०००० पोर्ट दाखवायचं, तो एक पत्ता देतो, तो ग्रुपवर टाकायचा. खातं नको, पैसे नकोत. पण दर वेळी पत्ता नवीन, म्हणून सेशनच्या आधी अर्धा तास नवी लिंक पाठवायची सवय लावा.

दुसरी, टेलस्केलची ‘फनेल’ सोय. डीएमनं एकट्यानं इन्स्टॉल करायचं, पत्ता कायमचा राहतो. नुसतं टेलस्केल वापरलं तर प्रत्येक खेळाडूला ते इन्स्टॉल करावं लागतं, फनेलला तसं नाही. तुमच्या टेबलाला मी हेच सुचवेन.

तिसरी, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (कायम चालू असणारा दूरचा संगणक) भाड्यानं घेणं. १ जीबी रॅमवर चालतं, २ जीबीवर आरामात. लॅपटॉप बंद असला तरी खेळाडू आपली शीट भरू शकतात हा फायदा. पण महिन्याचं भाडं आलं, आणि तेच तुम्हाला नकोय.

पहिल्या दोन्ही वाटांना एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आपोआप मिळतं. ते नसेल तर ब्राउझर माइक-कॅमेरा उघडूच देत नाही. फाउंड्रीच्या आत बोलायचं ठरवलं आणि ‘माइक का दिसत नाही’ असा प्रश्न पडला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. मी मात्र आवाज डिस्कॉर्डवरच (ग्रुपमध्ये बोलायचं अ‍ॅप) ठेवेन. व्हॉइस चॅनेलचा ठरलेला बिटरेट ६४ केबीपीएस, म्हणजे एका बाजूला ताशी सुमारे २९ एमबी. मोबाइल डेटालाही ते परवडतं.

इचलकरंजीकर

तिकटी दादा, मोबाइलवाल्याचं काय? फाउंड्री तर किमान १३६६ बाय ७६८ चा पडदा मागतं आणि मोबाइल ब्राउझरला अधिकृत सपोर्ट नाही. नकाशा उघडला की टॅब स्वतःच रीलोड होत राहतो.

मिरजकर_तिकटी

बरोबर, आणि तो टॅब पडतो तो मेमरीमुळे. फाइल किती एमबीची आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. चित्र ग्राफिक्स मेमरीत उलगडलं की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ८००० बाय ८००० चा नकाशा वेबपीमध्ये (चित्राचा एक आटोपशीर फॉरमॅट) ३ एमबीचा असला तरी मेमरीत २५६ एमबीच घेतो. ४० बाय ३० चौकटी, चौकटीला १०० पिक्सेल, म्हणजे ४००० बाय ३०००, हे ४८ एमबीत बसतं. लॅपटॉपवर हे बिनघोर चालतं आणि चांगल्या मोबाइलवरही तग धरतं. बऱ्याच मोबाइलवर एका बाजूला ४०९६ पिक्सेल ही सुरक्षित मर्यादा धरा.

तरी मोबाइलवर नकाशा न उघडणंच शहाणपणाचं. फाउंड्रीच्या सेटिंगमध्ये ‘डिसेबल गेम कॅनव्हास’ (नकाशाचा पडदा बंद करणं) आहे. ती त्या खेळाडूच्या मोबाइलवरच चालू करायची, ती तेवढ्याच उपकरणाला लागू होते. मग त्याला फक्त चॅट, फासे आणि स्वतःचं शीट उरतं, आणि ते मोबाइलवर व्यवस्थित चालतं.

नकाशा दाखवायला डिस्कॉर्डवर स्क्रीन शेअर करता येतं, पण हिशेब बघा: अडीच एमबीपीएसनं तासाला १.१ जीबी. २ जीबीचा रोजचा पॅक दोन तासांच्या आत संपतो. त्यापेक्षा प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला टीव्हीवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट चॅनेलवर टाका. दोन-तीनशे केबीचा फोटो, तीन तासांत पंचवीस टाकले तरी सात-आठ एमबी. चौकटींना बाजूला अ, आ, इ आणि वर १, २, ३ असे क्रमांक नकाशातच छापून ठेवा. मग खेळाडू ‘मी इ-७ वर जातो’ म्हणतो आणि डीएम टोकन हलवतो.

इचलकरंजीकर

चौकटीवर क्रमांक हे लई भारी. वाचनखूण साठवली.

शाहूपुरी_५वी_गल्ली

माझा आक्षेप कायम आहे. ज्या माणसाला नकाशाच उघडता येत नाही, त्याच्यासाठी नकाशाचं सॉफ्टवेअर निवडायचं? शीट फाउंड्रीत, नकाशा आउलबेअरमध्ये, असंही करता येतं.

मिरजकर_तिकटी

करता येतं, पण मग नकाशावरचं टोकन आणि शीटवरचे हिट पॉइंट यांचा मेळ डीएमनं हातानं घालायचा. फाउंड्रीत हल्ला टाकला की टार्गेटचा आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) तपासून डॅमेज बटणावर वजा होतं, त्यासाठीच तर पैसे द्यायचे. पाचपैकी दोघं-तिघं मोबाइलवर असते तर तुमचंच ऐकलं असतं. इथं एकच आहे.

गंगावेश

टीव्हीचं मी लिहितो, कारण तिथं बारीक गोष्टी आहेत आणि व्हिडिओत कुणी सांगत नाही.

फाउंड्रीत ‘टीव्ही’ नावाचा एक खेळाडू तयार करा, रोल साधा प्लेयर. पाचही पात्रांवर त्याला ‘ऑब्झर्व्हर’ परवानगी द्या. काहीही सिलेक्ट न करता त्या पडद्यावर पाचही पात्रांना मिळून जेवढं दिसतं तेवढंच दिसेल. डीएमच्या खिडकीतून आणि टीव्हीच्या खिडकीतून एकाच ब्राउझरनं आत जाऊ नका, लॉगिन एकमेकांवर चढतं. एक क्रोममध्ये, दुसरं फायरफॉक्समध्ये.

टीव्ही आडवा टेबलावर ठेवून त्यावर मिनिएचर (पात्रांचे छोटे पुतळे) उभी करणार असाल तर एक चौकट बरोबर एक इंचाची हवी. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ३७.५ इंच. १९२० भागिले ३७.५ म्हणजे इंचाला ५१ पिक्सेल. नकाशाची चौकट १०० पिक्सेलची असेल तर झूम ०.५१ ठेवायचा. पडद्यावर ३७ बाय २१ चौकटी दिसतात. ३२ इंची टीव्ही असेल त्यांनी इंचाला ६९ पिक्सेल धरा, २७ बाय १५ चौकटी मिळतील. ‘लॉक व्ह्यू’ नावाचं मॉड्यूल (फाउंड्रीला जोडायचा छोटा प्रोग्राम) हा झूम पक्का बांधून ठेवतं, नाहीतर कुणाचा तरी हात माउसला लागतो आणि माप बिघडतं.

हिशेब बरोबर करूनही चौकट मोठी दिसली तर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल. टीव्हीच्या डिस्प्लेपुरतं ते १०० करा, ब्राउझरचा झूमही १०० करा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करा. वेगवेगळ्या टीव्हीत त्यासाठी ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ चालू करावं लागतं.

८ जीबी रॅम आणि दोन खिडक्यांत दोन कॅनव्हास म्हटल्यावर लॅपटॉप तापणार. टीव्हीच्या खिडकीत परफॉर्मन्स मोड ‘लो’, फ्रेमरेट ३०. दोन्ही ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे याची खात्री करा. ते बंद असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टोकन हलवलं की दोन सेकंद थांबावं लागतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की सर्व्हर झोपतो, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये झाकणासाठी ‘काही करू नये’ निवडा.

आवाजाचं: एका खोलीतले चौघं चार माइकनं डिस्कॉर्डवर आले की घुमणार म्हणजे घुमणारच. टेबलावर एकच उपकरण व्हॉइस चॅनेलमध्ये ठेवा, त्याचाच माइक, त्याचाच स्पीकर. बाकी सगळ्यांनी व्हॉइसमध्ये यायचंच नाही. पंखा माइकच्या सरळ रेषेत नको. डिस्कॉर्डचं नॉइज सप्रेशन टेबलावरच्या माइकला बंद करून बघा, कारण ते लांब बसलेल्या माणसाचा आवाजसुद्धा गोंगाट समजून कापतं.

आणि वळिवाच्या दिवसांत किंवा पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतात, आणि तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले तर राउटर सारखा रीस्टार्ट होतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागतो, हे लोक विसरतात.

खासबाग

गंगावेश, फासे टेबलावर खरे टाकायचेत. तिघांचे खरे आणि दोघांचे सॉफ्टवेअरचे असं चालेल का?

गंगावेश

चालतं. फाउंड्रीच्या १२ व्या व्हर्जनपासून डाइस कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅन्युअल’ आहे. टेबलावरच्यांनी डी-२० (वीस बाजूंचा फासा) पुढं ते निवडायचं. हल्ल्याचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर आकडा विचारतं, खऱ्या फाशावर आला तो भरायचा, मॉडिफायर (पात्राच्या कसबाचा जादा आकडा) तेच मिळवतं. डॅमेजचे फासे ऑटोमॅटिक ठेवा, फायरबॉलचे आठ डी-६ (सहा बाजूंचे फासे) एकेक भरत बसण्यात वेळ जातो.

सज्जाकोठी

मराठी मजकुराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

फाउंड्रीचा मूळ फॉन्ट सिग्निका आहे, त्यात देवनागरी नाही. त्यामुळे टोकनखालचं मराठी नाव प्रत्येकाच्या मशीनवर तिथल्या फॉन्टनं दिसतं, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. वाचता येतं, पण रुंदी वेगळी असते. हँडआउट आणि नकाशावरची नावं एकसारखी हवी असतील तर सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडिशनल फॉन्ट्स’मध्ये मुक्ता किंवा एखादा चांगला मराठी फॉन्ट चढवा. रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही फायली द्या, नाहीतर ब्राउझर ठळक अक्षर ओढूनताणून बनवतो आणि जोडाक्षरं भरून येतात.

फायलींची नावं मात्र देवनागरीत ठेवू नका. ‘तीन दरवाजा’ अशा नावाचं चित्र तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसेल, पण झिप करून दुसरीकडं उघडलं की नाव बिघडतं आणि नकाशाच्या जागी काळा पडदा येतो. रोमन, सगळी लहान अक्षरं, मध्ये स्पेस नाही, असं नाव ठेवा. लहान अक्षरांचा आग्रह एवढ्यासाठी, की विंडोजला लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. पुढं व्हीपीएसवर गेलात तर निम्मी चित्रं सापडणार नाहीत.

कॅरेक्टर शीटच्या भरता येणाऱ्या पीडीएफमध्ये मराठी भरू नका. बऱ्याच पीडीएफ वाचकांत त्या रकान्यांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, ‘क्षत्रिय’ तुटून पडतं. शीट मराठीत हवंच असेल तर गूगल शीटमध्ये बनवा.

नोट्ससाठी ऑब्सिडियन. मोफत आहे आणि सगळ्या नोट्स साध्या मजकुराच्या फायली म्हणून तुमच्या डिस्कवर राहतात. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. कॅम्पेन दोन-तीन वर्षं चालतं, तेवढ्यात साइटचे नियम आणि दर बदलतात, म्हणून मूळ मजकूर स्वतःकडं असणं मी फार महत्त्वाचं मानते. फाउंड्रीच्या जर्नलमध्ये फक्त खेळाडूंना दाखवायचं तेवढंच चिकटवा.

मराठीत ऑब्सिडियन वापरताना एक गोष्ट हटकून अडते. नोटेचं नाव ‘तीन दरवाजा’, पण वाक्यात येतं ‘तीन दरवाजातून’, ‘तीन दरवाजापाशी’. दुहेरी चौकटी कंसात (दुसऱ्या नोटेचा दुवा द्यायची खूण) तेच लिहिलं तर प्रत्येक विभक्तीचा दुवा वेगळा ठरतो आणि क्लिक केलं की नवी रिकामी नोट तयार होते. म्हणून असं लिहायचं: [[तीन दरवाजा|तीन दरवाजातून]]. उभ्या रेघेच्या डावीकडं नोटेचं नाव, उजवीकडं वाक्यात दिसायचं रूप.

दुसरी अडचण शोधताना येते. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच अक्षर वापरतात, काही ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, सर्चला नाही. ‘वाऱ्याची खिंड’ शोधाल आणि नोट समोर असूनही सापडणार नाही. पूर्ण कॅम्पेन एकाच कीबोर्डनं लिहा, मोबाइलवरही तोच ले-आउट घ्या.

लॅपटॉप आणि मोबाइल यांच्यात नोट्स जुळत्या ठेवायला ऑब्सिडियनची स्वतःची सोय वर्गणीची आहे. सिंकथिंग फुकट आहे. त्याचं अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्याचा फोर्क (तोच कोड घेऊन दुसऱ्यांनी चालवलेलं अ‍ॅप) चालू आहे, तो घ्या.

खासबाग

सज्जाकोठी ताई, विभक्तीचं हे कुठंच वाचलं नव्हतं. नियमांचे तुकडे मराठीत भाषांतर करून खेळाडूंना दिले तर चालतं का?

सज्जाकोठी

एसआरडीतला (डी अँड डीच्या नियमांचा खुला केलेला भाग) मजकूर चालतो. एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० या खुल्या परवान्याखाली आला, ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. भाषांतर करा, छापा, वाटा. श्रेयाची ओळ तेवढी द्यायची, ती एसआरडीच्या सुरुवातीलाच तयार दिलेली आहे. जे एसआरडीत नाही, फक्त विकतच्या पुस्तकात आहे, ते त्यात घालू नका. कंडिशन (पात्राच्या अवस्था) आधी करा: प्रोन (आडवा पडलेला), ग्रॅपल्ड (पकडलेला), फ्राइटन्ड (घाबरलेला). पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर एकेक छापलं की नवीन खेळाडूला पुस्तक उघडावं लागत नाही. आणि ५.१ आणि ५.२ एका टेबलावर मिसळू नका, एक्झॉशनसारखे (थकव्याचे) नियम दोन्हींत वेगळे आहेत. फाउंड्रीतही नियम २०१४ चे की २०२४ चे हे सुरुवातीलाच सेटिंगमध्ये ठरवा.

शाहूपुरी_५वी_गल्ली

हे +१. नकाशांचं कोण सांगतंय? मला पन्हाळ्याचा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) करायचाय, अंधारबावेतून (गडावरची विहीर) तटाबाहेर निसटायचा.

मिरजकर_तिकटी

भावा, विषय एकदम योग्य निवडलास. पन्हाळ्याची तटबंदी साधारण सात किलोमीटरची. फिफ्थ एडिशनची चौकट ५ फुटांची, म्हणजे दीड मीटर. सगळा गड चौकटीत बसवायला गेलास तर नुसत्या तटाच्या साडेचार हजारांवर चौकटी होतात. त्यामुळे गडाचा नकाशा बिनचौकटीचा, फक्त ठिकाणं दाखवायला: तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जाकोठी, अंधारबाव. ओपनस्ट्रीटमॅपवरून तटाचा आकार गिरवून घे आणि श्रेय दे. चौकटी फक्त जिथं तलवार उपसली जाणार तिथं.

अंधारबाव तीन मजली. सगळ्यात खाली पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची वाट. तीनही मजले एकाच चित्रात शेजारी शेजारी काढ आणि जिन्याच्या जागी फाउंड्रीतला ‘रीजन’ आखून त्याला ‘टेलिपोर्ट टोकन’ लाव. ही सोय १२ व्या व्हर्जनपासून मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे, मॉड्यूल लागत नाही. शेजारी शेजारी काढताना मजल्यांमध्ये किमान दहा चौकटी काळी जागा सोड आणि भोवती भिंत आख, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या मशालीचा उजेड शेजारच्या चित्रात सांडतो.

काढायला डंजनस्क्रॉल ब्राउझरमध्ये मोफत आहे, काळ्या-पांढऱ्या दगडी नकाशाला ते पुरतं. रंगीत हवं तर डंजनड्राफ्ट, एकदाच पैसे. त्याचा मोठा फायदा युनिव्हर्सल व्हीटीटी फॉरमॅट: चित्राबरोबर भिंती, दारं, दिवे सगळं एका फाइलीत बाहेर पडतं. फाउंड्रीत ‘युनिव्हर्सल बॅटलमॅप इंपोर्टर’ मॉड्यूलनं आत घेतलं की भिंती परत आखाव्या लागत नाहीत. एक्सपोर्ट करताना चौकटीला १०० पिक्सेल ठेव. २५६ वर ठेवलंस तर वर सांगितलेला मेमरीचा हिशेब साडेसहापट होतो.

चित्र वेबपीत, गुणवत्ता ८० च्या आसपास. ८ एमबीचा पीएनजी पाच जणांना पाठवायचा म्हणजे ४० एमबी अपलोड, १० एमबीपीएसच्या अपलोडवर ३२ सेकंद. तोच वेबपीत दीड एमबीचा झाला तर सहा सेकंद. तरीही सीनवर (फाउंड्रीत चढवलेला नकाशा) राइट क्लिक करून ‘प्रीलोड’ चहाच्या वेळेत दाबून ठेव.

गंगावेश

मॉड्यूलवरून आठवलं. पहिल्या महिन्यात पाच-सहाच्या वर घालू नका. एखादं बटण चालेनासं झालं की ‘फाइंड द कल्प्रिट’ हे मॉड्यूल निम्मी-निम्मी बंद करत दोषी शोधून देतं. तीस असतील तरी पाच फेऱ्यांत सापडतं. अपडेट सेशनच्या दिवशी कधीच नको. आणि आकडा बदलणारं मोठं व्हर्जन, १२ वरून १३ सारखं, कॅम्पेनच्या मध्यात घेताना आधी प्रत्येक मॉड्यूलच्या पानावर नवं व्हर्जन लिहिलंय का ते बघा.

बॅकअप: आधी ‘रिटर्न टू सेटअप’ करून वर्ल्ड (फाउंड्रीतलं तुमचं कॅम्पेन) बंद करा, मगच डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. चालू वर्ल्डची कॉपी अर्धवट होते, कारण ११ व्या व्हर्जनपासून आतला डेटाबेस लेव्हलडीबी आहे आणि तो अनेक लहान फायलींत एकाच वेळी लिहीत असतो. त्याच कारणानं डेटा फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आत ठेवू नका. विंडोज ‘डॉक्युमेंट्स’ आपोआप वनड्राइव्हमध्ये हलवतं, तेव्हा तिथंही नको.

खासबाग

ठरलं. फाउंड्री, टेलस्केल फनेल, डिस्कॉर्ड, ऑब्सिडियन, डंजनड्राफ्ट. आज राउटरचा वॅन आयपी बघितला, १००.८० नं सुरू होतो, म्हणजे सीजी-नॅटच. कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केला. पार्श्वसंगीताचं राहिलंच की.

गंगावेश

टेबलटॉप ऑडिओवर दहा-दहा मिनिटांचे मोफत ट्रॅक आहेत: पाऊस, बाजार, गुहा. डिस्कॉर्डवर वाजवायला केंकू एफएम, ते आउलबेअरवाल्यांचंच आहे आणि मोफत आहे. ते बॉट म्हणून चॅनेलमध्ये येतं, त्यामुळे पुण्याचा खेळाडू संगीताचा आवाज स्वतःपुरता कमी करू शकतो. टेबलावरच्या स्पीकरवर वाजवून माइकमधून पाठवू नका, बोलणं बुडतं.

शाहूपुरी_५वी_गल्ली

तिकटी दादा, डंजनड्राफ्टमधून सज्जाकोठीची फाइल आणली. भिंती आल्या, पण खिडक्या सगळ्या दारं म्हणून आल्यात. खेळाडू खिडकीवर क्लिक करून उघडतोय आणि आत शिरतोय.

मिरजकर_तिकटी

डंजनड्राफ्टमध्ये दार आणि खिडकी दोन्ही ‘पोर्टल’च असतात, त्यामुळे इंपोर्टर दोघांनाही दारच समजतो. वॉल लेयर उघड, खिडकीच्या रेषेवर डबल क्लिक कर. ‘डोअर टाइप’ ‘नन’ (काही नाही) कर. मग ‘मूव्हमेंट’ अडवलेलं राहू दे, ‘साइट’ (नजर) आणि ‘लाइट’ मोकळे कर. बाण मारता येईल, उजेड आत येईल, माणूस शिरणार नाही. शिफ्ट दाबून सगळ्या खिडक्या एकत्र निवडल्यास तर एकाच वेळी बदलतात. सज्जाकोठीला खिडक्या बऱ्याच आहेत, तसंच कर.